नकाशावरची पाणपोई

जगातल्या ज्या जागा कुणाच्याच मालकीच्या नाहीत, त्या सगळ्या माझ्या आतोबांच्या आहेत. पेणपासून रोह्यापर्यंतचा कुठलाही पार, कुठलाही चौथरा, वळणावरचा कुठलाही शेंदूर माखलेला दगड घ्या. त्याची लांबी-रुंदी, त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि त्याच्यावर सावली किती वाजेपर्यंत टिकते, हे आतोबांना तोंडपाठ असते. स्वतःच्या घराचा क्रमांक मात्र त्यांना अजूनही आत्यालाच विचारावा लागतो. माझ्या आत्याचे हे यजमान उभी हयात भूकरमापक होते. लोकांच्या जमिनी मोजून देता देता त्यांनी भावाभावांची इतकी भांडणे पाहिली की, निवृत्त झाल्यावर ज्या जागेवरून कुणीच कुणाशी भांडत नाही, अशाच जागांवर त्यांचा जीव जडला.

त्यांचे पाऊल अडीच फुटांचे आहे. ते पावसात आखडत नाही, घाईत लांबत नाही, अंत्ययात्रेतसुद्धा बदलत नाही. माझ्या लग्नात वऱ्हाड दाराशी आले असताना ते मांडवाच्या कडेकडेने एकटेच चालत होते, आणि मंगलाष्टके सुरू होण्याच्या बेताला त्यांनी माझ्या वडिलांना बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितले की, मांडव शेजाऱ्यांच्या हद्दीत दीड हात गेला आहे. वडील घाबरून म्हणाले, मग आता काय करायचे? आतोबा म्हणाले, करायचे काही नाही, माहीत असावे. त्यांच्या छत्रीच्या दांड्यावर चाकूने पाडलेल्या इंचांच्या खुणा आहेत; त्यामुळे त्यांच्या हातातली छत्री पावसापेक्षा मोजमापालाच जास्त वेळा उघडते आणि मिटते. त्यांच्याजवळ बसले की कापूर, छत्रीचे जुने कापड आणि कापडावर डकवलेल्या गावनकाशांच्या खळीचा किंचित आंबूस वास येतो. लहानपणी मला तो वास म्हणजेच प्रामाणिकपणाचा वास वाटायचा. अजूनही माझे मत फारसे बदललेले नाही.

अशा माणसाच्या हाती वयाच्या बहात्तराव्या वर्षी मोबाइलवरचा खेळ लागला, याला कारण शेजारचे दाऊदभाई. खांब गावात आत्याचे घर हायवेच्या थोडे आत आहे आणि कुंपणापलीकडे दाऊदभाईंचे. ते वर्षातून एकदा गल्फमधून सुट्टीवर येतात. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितले होते आणि नुसते चालायचा कंटाळा येतो म्हणून ते हा खेळ खेळत. खेळ सोपा होता. मोबाइलवर आपल्या गावाचा नकाशा दिसतो. आपण चालू तशी त्यावर आपली बाहुली चालते. वाटेत कुठे पाहण्यासारखी जागा असली, तर नकाशावर तिथे एक छोटा कोनाडा दिसतो. त्या जागेच्या चाळीस पावलांच्या आत गेले की कोनाड्यात दिवा लावता येतो. तो दिवसभर तेवतो, आणि कुणी लावला ते दूर बसलेल्यालाही दिसते. दाऊदभाईंनी कौतुकाने दुबईचा नकाशा दाखवला. कोनाडेच कोनाडे, दिवेच दिवे. मग त्यांनी खांबचा नकाशा उघडला. हायवेची एक करडी रेघ होती आणि दोन्ही बाजूंना नुसता हिरवा रंग.

आतोबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "या नकाशाप्रमाणे आपण राहतो कुठे?" त्यांनी विचारले.

दाऊदभाई हसून म्हणाले, "जंगलात, चाचा."

तो विनोद आतोबांच्या जिव्हारी लागला. चाळीस वर्षे ज्या मुलखाची त्यांनी इंच इंच मोजणी केली, तो मुलूख कुणीतरी कोरा सोडला होता. दाऊदभाई जाताना आपला जुना मोबाइल त्यांना देऊन गेले आणि हेही सांगून गेले की, पुष्कळ चालून खेळातल्या काही पायऱ्या चढले की खेळाडूला नव्या जागा सुचवता येतात. जागा कायमची हवी, तिथे पायी जाता आले पाहिजे, कुणाच्या घरादारातली नको आणि तिच्याबद्दल सांगण्यासारखे काही हवे. फोटो आणि वर्णन पाठवायचे. मग अनोळखी खेळाडू मते देतात आणि जागा मंजूर किंवा नामंजूर होते. 'मंजूर' आणि 'नामंजूर' हे दोन शब्द ऐकल्यावर आतोबांना तो खेळ वाटेनासाच झाला. ते पुन्हा कामावर रुजू झाले.

आत्याला हे मुळीच रुचले नाही. आत्या पेणची, पण पन्नास वर्षे खांबला राहून तिच्या जिभेवर तिथले पाणी चढले आहे. ती ओटीवर पाय पसरून, गुडघ्यांना तेल चोळत मला म्हणाली, "पोरं मोबाइल खेळतात म्हनून म्हातारे वरडतात. आमच्याकडं उलटं हाय गो. आता मी कोनाला वरडू?"

आतोबांच्या वर्णनांची भाषा ही त्यांच्या मार्गातली पहिली धोंड ठरली. 'ही जागा लोकांना का आवडेल?' या प्रश्नाच्या उत्तरादाखल ते चतुःसीमा लिहीत. पूर्वेस नाला, पश्चिमेस पायवाट, दक्षिणेस पडीक जमीन, उत्तरेस करंजाचे झाड एक. फोटो नेहमी दक्षिणेकडे उभे राहून, उत्तरेकडे तोंड करून घेतलेला. कारण नकाशात उत्तर वरच असते. त्यामुळे अनेक देवळांची फक्त पाठच खेळात दाखल होऊ पाहत होती. चार जागा ओळीने नामंजूर झाल्या तेव्हा त्यांनी मला पेणहून बोलावून घेतले, कारण मी कवितेच्या वाटेने भाषा शिकलेली. मी एका पाराबद्दल लिहिले की, इथली शांत सावली प्रवाशाला क्षणभर आपलेसे करते. आतोबांनी 'शांत' या शब्दावर बोट ठेवले. "म्हणजे किती? मोजलीस?" मग 'क्षणभर'वर बोट आले. एसटीची वाट पाहताना तिथे माणूस सरासरी पाऊण तास बसतो, असे त्यांनी मला सांगितले आणि विशेषण म्हणजे अहवालातली चोरवाट असते, अशी समजही दिली. त्या दुपारी आमच्या दोघांच्या तहात असे ठरले की, दर वर्णनात एक विशेषण माझे आणि एक माप त्यांचे. आमचा पहिला करार 'जुना, परीघ अकरा हात' असा झाला.

पण त्यांच्याबरोबर हिंडताना मला कळले की, मापांच्या मागे त्यांचे कान आणि त्वचाही जागी असते. कासूच्या स्टेशनाबाहेर एका झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला होता. पूर्वी कधीतरी घंटा म्हणून वापरलेला. त्याचे वर्णन लिहिण्याआधी तो वाजतो की नाही हे पाहणे आतोबांना कर्तव्य वाटले. त्यांनी छत्रीची मूठ आपटली. खारेपाटावरून येणाऱ्या ओल्या, मिठाच्या वाऱ्यात तो नाद इतका लांब, इतका गोल पसरला की मी डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा सावलीत बसलेले एक वृद्ध जोडपे पिशव्या उचलून फलाटाकडे धावत होते. आतोबा त्यांच्या मागे धावले, पाऊल अडीच फुटांचेच ठेवून, आणि गाडी यायला एक तास सव्वीस मिनिटे अवकाश आहे, असे सांगून त्यांची माफी मागून आले. गागोद्याला गेलो, तर तिथे थोर पुरुषाचे जन्मघर म्हणून जे घर पाहायला सगळे जातात तिकडे ते फिरकले नाहीत. ते घर कुणीही सुचवील म्हणाले. त्यांनी शोधून काढला तो चढावरचा एक छातीएवढा उंच दगड. डोईवरून मोळी आणणाऱ्या बायका त्याच्यावर ओझे टेकवून, मान मोकळी करून, पुन्हा उचलून निघतात. दगडाचा माथा गुळगुळीत झालेला होता, मांडीवर झोपलेल्या मुलाच्या टाळूसारखा. आतोबांनी त्याच्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. नंतर वहीत लिहिले: उंची चार फूट एक इंच. हाताला ऊन लागले.

त्यांची अगदी पहिली मंजूर झालेली जागा मात्र आमच्या पेणची, आणि तीच त्यांची सर्वांत मोठी चूक. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गणपतीचा कारखाना आहे. दाराशी पुरुषभर उंचीची एक बैठी मूर्ती दिवाळीपासून ठेवलेली होती. रंग झालेला, फक्त डोळे उघडायचे राहिलेले. आतोबा आमच्याकडे तीनदा आले, तिन्ही वेळा ती तिथेच होती. ज्या वस्तूवर तीन ऋतूंची धूळ बसते ती स्थावर, अशी त्यांची एक खात्याच्या काळातली व्याख्या आहे. त्यांनी मूर्ती सुचवली आणि आठवड्याभरात मंजूर झाली. त्यांनी गल्लीत पेढे वाटले. कारखानदारानेही पेढा घेतला. कशाचा, हे विचारले नाही. श्रावणात एका सकाळी ट्रक आला, पेंढ्याच्या गाद्या अंथरल्या गेल्या आणि ते स्थावर 'मोरया' म्हणत मुंबईला निघून गेले. मी फोन केला, तसे आतोबा पहिल्या एसटीने आले. रिकाम्या चौथऱ्यावर पांढरी भुकटी होती, ओल्या मातीचा आणि रंगाचा वास रेंगाळत होता. कारखानदार चहा पुढे करत म्हणाला, "आतोबा, आमच्याकडचा गणपती राहायला नसतोच, जायलाच असतो."

मी म्हटले, असू द्या की नकाशात. गणपतीच आहे, कुणाचे काय बिघडते? आतोबा म्हणाले, कुणीतरी चालत येईल आणि त्याला काही दिसणार नाही. "नकाशा जमिनीला विचारून काढायचा असतो, ताई. एक खूण खोटी निघाली की माणूस सगळ्याच खुणांवर शंका घेतो." आणि तिथे, त्या भुकटीत उभे राहून, त्यांनी आपली पहिली मंजूर जागा स्वतःच्या बोटाने काढून टाकली. 'ही जागा आता अस्तित्वात नाही' अशी एक कळ त्या खेळात आहे. ती दाबून त्यांनी मोबाइल खिशात टाकला. चहा त्यांनी उभ्यानेच घेतला.

हे सगळे सांगायचे ते ज्या एका जागेसाठी, तिच्याकडे आता येते. खांबच्या थांब्याजवळ, करंजाच्या सावलीत, आत्याची पाणपोई होती. सिमेंटच्या ओट्यात बसवलेले दोन रांजण, वर लाकडी झाकणे, साखळीने बांधलेला पेला. होळी झाली की आत्या रांजण घासून भरायची ते पावसाची झड लागेपर्यंत रोज भरत राहायची. रांजणाला ओला पंचा गुंडाळलेला, आत वाळ्याची जुडी. त्या पाण्याला मातीचा आणि मुळांचा वास यायचा, आणि पहिला घोट घशाखाली उतरताना उन्हाळा पाठीमागे एक पाऊल सरायचा. एसटीतून उतरून आतल्या गावांना चालत जाणारी माणसे, गल्फहून भरल्या बॅगा घेऊन आलेली माणसे, सगळी तिथे थांबत. मग आत्याचे गुडघे गेले. रांजण कोरडे पडले, आणि आत पाली राहू लागल्या.

या पाणपोईवरून त्या दोघांत एक जुना काटा होता. हायवे रुंद करायचे ठरले तेव्हा खांबच्या बाजूची मोजणी आतोबांच्याच वाट्याला आली होती. रेघ कुठून जाते ते त्यांनी पाहिले, पाणपोई रेघेच्या आत दोन हात येत होती. त्यांनी दगड जिथे पडायचा तिथेच रोवला आणि घरी येऊन आत्याला सांगितले. काम पुढे वर्षानुवर्षे रेंगाळले, पण आत्या विसरली नाही. भाजीत मीठ कमी पडले तरी म्हणायची, "दोन हात रेघ सरकवता आली नाय या मानसाला. मीठ तरी काय सरकवनार?" आतोबा खाली मान घालून जेवत. त्यांना बाजू मांडता आली असती; ती त्यांनी कधी मांडली नाही.

पाणपोई त्यांनी तीनदा सुचवली. पहिल्यांदा नामंजूर झाली ती चतुःसीमेमुळे. दुसऱ्यांदा माझ्या विशेषणासह गेली, तर कुणा अनोळखी खेळाडूने शेरा मारला की पाणी दिसत नाही. मी चिडले. आतोबा मात्र म्हणाले, शेरा योग्य आहे. ज्या पाणपोईत पाणी नाही तिला पाणपोई लिहिणे म्हणजे खोटी नोंद. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी रांजण घासले. दोन्ही हातांत दोन कळश्या, घर ते थांबा एकशे ऐंशी पावले, असे ते रोज आठ फेरे घालू लागले. आत्या ओटीवरून पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने वाळ्याची जुडी बांधून ओटीच्या कडेला ठेवून दिली. तिसऱ्या खेपेला वर्णनात काय लिहायचे यावर आमचे एकमत होईना, तेव्हा मी आत्यालाच विचारले. ती म्हणाली, "लिव की. हितं पानी गार असतं." त्यात आतोबांना मापाची उणीव दिसली नाही आणि मला विशेषणाची. आम्ही तेवढेच लिहिले. चौथ्या दिवशी पाणपोई मंजूर झाली.

त्यानंतर मोबाइल आत्याकडे गेला. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की ती तो हातात घेऊन खांबच्या नकाशावरचा तो कोनाडा पाही. पहिल्यांदा तिथे दिवा लागला तेव्हा मी तिच्या शेजारीच होते. नाव कुणा परक्या माणसाचे होते. गोव्याकडे जाताना थांबला असेल. आत्याने पडदा डोळ्यांजवळ नेला, बोटाने हलकेच स्पर्श केला, जणू तो दिवा पोळेल. मग मला विचारले, "पानी प्याला आसंल का गो? का नुसता दिवा लावून गेला?"

पुढच्या हिवाळ्यात रस्त्याचे काम खांबला पोचले. यंत्र आले तेव्हा आतोबा छत्री घेऊन तिथे उभे होते. अडवायला नव्हे, रेघ त्यांचीच होती. करंज तुटला, ओटा उकरला गेला, एक रांजण फुटला. दुसरा त्यांनी मजुरांच्या मदतीने घरी आणला, तोही तळाशी तडकलेला निघाला. मी खांबला पोचले, तेव्हा दोघे ओटीवर होते आणि मोबाइल मध्ये होता. आतोबांनी तो उचलला. पाणपोईचा कोनाडा उघडला. खाली ती कळ होती. गणपतीच्या वेळी ज्या माणसाने नकाशा एक दिवससुद्धा खोटा राहू दिला नाही, तो आज काय करणार हे आत्याला पुरते ठाऊक होते. ती त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, "दाबा. रेघ तुमीच मारलीत, आता पुसा बी तुमीच."

अंगठा कळेवर गेला आणि तिथेच थांबला. अंगणात कुठेतरी शेण-मातीचा ओला वास होता, हायवेवरून खडीचे ट्रक जात होते. आतोबांनी मोबाइल पालथा ठेवला. "राहू दे," ते म्हणाले. "होळीपर्यंत पाहू." माझ्या आठवणीत त्यांनी पुढे ढकललेली ही एकमेव नोंद.

होळीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते टेप घेऊन गेले. रस्त्याखालच्या जुन्या, उरलेल्या मोरीच्या कोपऱ्यापासून मापे घेऊन त्यांनी जुन्या ओट्याचा बिंदू काढला; तो नव्या डांबराखाली आला. जवळचे हद्दीचे दगड कामात उखडले होते, म्हणून तिथून ते कडेकडेने जो पहिला शाबूत दगड दिसला त्याच्याकडे चालत गेले आणि दगडाच्या बाहेर एक हात जागा सोडून थांबले. तेहतीस पावले. खेळात चाळीस पावलांची सूट असते. मोजणीत सूट नसते असे जन्मभर सांगत आलेल्या माणसाने सात पावले शिल्लक ठेवून सूट घेतली, आणि त्या जागी एक लोखंडी तिवई मांडून वर मडके ठेवले. मी फोनवर म्हटले, आतोबा, नकाशा जमिनीला विचारून काढायचा ना? पलीकडे थोडा वेळ शांतता होती. किती, हे मी मोजले नाही. मग ते म्हणाले, "नकाशात आहे, ताई. म्हणजे तिथे असायला हवं."

मडक्याला गुंडाळायचा पंचा आत्याने जुन्या नऊवारीचा शिवून दिला. त्या दिवसापासून तिच्या तोंडून रेघेचा विषय निघालेला मी ऐकलेला नाही. भाजीत मीठ कमी असले तर आता ती सरळ मीठच मागते.

परवा वैशाखातल्या भर दुपारी मी रोह्याला जाताना मुद्दाम खांबला उतरले. सावली कुठेच उरलेली नाही. डांबराचा तापलेला वास डोक्यात जातो. आतोबा तिथे नव्हते, पण मडक्याच्या कडेने पाण्याची नुकतीच ओघळलेली रेघ अजून ओली होती. मी झाकण सरकवले. वाळ्याचा वास आला. पेलाभर पाणी उभ्याउभ्याच प्याले, मग अर्धा पेला आणखी. नंतर पर्समधून मोबाइल काढला. आतोबांनीच त्यावर मला या खेळात घातले आहे आणि माझे नाव 'भाची' असे नोंदवले आहे. पायांखाली काहीच नसलेल्या, डांबराने झाकलेल्या त्या कोनाड्यात मी दिवा लावला.

मोबाइल पर्समध्ये जायच्या आत वाजला. एकशे ऐंशी पावलांवर, ओटीवर, पाय पसरून बसलेल्या आत्याला दिवा दिसला होता. कशी आहेस, कधी आलीस, घरी का आली नाहीस, यांतले काहीही तिने विचारले नाही.

"पानी गार होतं का गो?" ती म्हणाली.